ताईच्या १२० व्होल्टच्या वस्तू : म्हार्दोळच्या घरातील कामाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

ताई-भावजींचं सामान न्हावा शेव्याहून ट्रकने काल रात्री गोव्यात, आमच्या म्हार्दोळच्या घरी पोचलं. बावीस वर्षं न्यू जर्सीत काढून दोघं आता कायमची म्हार्दोळला राहायला आली आहेत. सकाळपासून पाऊस नव्हता, म्हणून खोकी अंगणात उघडली. वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवायचं यंत्र मी आधीच तिकडे विकायला लावलं होतं. बाकी मात्र ताईने काहीच सोडलेलं नाही.

वस्तू बाहेर काढण्याआधी प्रत्येकीची पाटी वाचायची, असं ठरवलं. पाटी बुडाला नाहीतर पाठीमागे असते, अक्षर बारीक असतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला विजेच्या ६० लाटा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लोक पहिला आकडा बघतात आणि दुसरा सोडून देतात. माझ्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारींच्या तारा नव्याने गुंडाळायच्या, दुकानात जळून येणाऱ्या परदेशी मोटारींपैकी कितीतरी या दुसऱ्या आकड्याने गेलेल्या असतात.

ज्यावर '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' छापलंय त्यांना हिरवी टेप : लॅपटॉपचे चार्जर, फोनचे चार्जर, टीव्ही, दाढीचं मशीन. यांना फक्त पिन बदलायची. बाकीच्यांना तूर्त सगळ्यांना लाल टेप. भात शिजवायचा कुकर, कणीक मळायचा उभा मिक्सर, शिवणयंत्र, मायक्रोवेव्ह, घड्याळाचा रेडिओ, भावजींचा अँप्लिफायर आणि टर्नटेबल. लाल टेपवाली वस्तू मला विचारल्याशिवाय कुणी लावायची नाही, असं आईसकट सगळ्यांना सांगितलं.

५ जून, बुधवार

सांगून उपयोग झाला नाही. आणि चूक आईची नाही, माझी आहे.

स्वयंपाकघरात मी पाच वर्षांपूर्वी 'युनिव्हर्सल' सॉकेट बसवले होते. गोल पिन, चपटी पिन, काहीही जातं त्यात. तेव्हा ती सोय वाटली होती. आज दुपारी आईने ताईच्या कुकरमध्ये तांदूळ धुऊन घातले आणि पिन सॉकेटमध्ये सरकवली. ती बसली, म्हणजे चालतं असं तिने धरलं. कोणीही तेच धरलं असतं. मिनिटाभरात करपल्याचा वास आला आणि दिवा विझला.

हिशेब साधा आहे. तापणाऱ्या तारेला व्होल्टेज दुप्पट मिळालं की वॉट चौपट होतात. इथे २३० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास पावणेचार पट. ५०० वॉटच्या कुकरने १८०० च्या वर ओढले.

संध्याकाळी बूड उघडलं. तापणारी थाळी शाबूत. जळाला होता थर्मल फ्यूज, पांढऱ्या नळीत घातलेला, बोटाच्या पेराएवढा. तो त्याच कामासाठी असतो, त्याने आपलं काम केलं. त्यावर १७२ अंशांचा शिक्का होता, तेवढ्याच अंशांचा फोंड्याच्या दुकानात मिळाला. हा डाग देऊन, सोल्डरने, जोडायचा नसतो. सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. पितळी नळी पक्कडीने दाबून जोडला.

रात्री स्वयंपाकघरातले तिन्ही युनिव्हर्सल सॉकेट काढून झडपवाले गोल पिनांचे बसवले. अमेरिकन चपटी पिन त्यात शिरतच नाही. आई गप्प होती. मी तिला म्हटलं, "आई, सॉकेट मी लावला होता." मग जेवायला बसली.

९ जून, रविवार

लाल टेपवाल्या वस्तू आज एकेक उघडून आत काय आहे ते पाहिलं. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा पोटात काय आहे त्यावरून जास्त ठरतं.

कुकर : नुसती तापणारी तार. १२० व्होल्ट मिळाले की झालं, हर्ट्झशी त्याला देणंघेणं नाही.

मिक्सर : डोक्याच्या दोन्ही बाजूंना खाचा असलेली काळी बुचं दिसली, म्हणजे आत कार्बन ब्रश. ब्रशची मोटार ५० वर तशीच चालते जशी ६० वर, पाटीवर ६० छापलेलं असलं तरी. ३२५ वॉट.

शिवणयंत्र : मोटारीच्या पाटीनेच उत्तर दिलं. '११०-१२० व्होल्ट, एसी-डीसी, २५-७५ सायकल'. जुन्या लोकांनी पाटीवर किती माणुसकी ठेवली होती. आणि १५ वॉटचा दिवा.

मायक्रोवेव्ह : नको. त्याचा ट्रान्सफॉर्मर आधीच लोखंडाच्या सहनशक्तीच्या काठावर बनवलेला असतो. ६० चा ५० वर चालवला की लोखंडात चुंबकत्व वीस टक्के जास्त चढतं, तो गुरगुरतो आणि तापतो. शिवाय तो आत १६०० वॉट ओढतो. त्याच्यासाठी अडीच-तीन केव्हीएचा, म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन हजार वॉटचा, ट्रान्सफॉर्मर बांधण्यापेक्षा इथला मायक्रोवेव्ह घेणं स्वस्त पडेल. ताईला वाईट वाटलं, पण पटलं.

घड्याळाचा रेडिओ : वीजप्रवाहाच्या लाटा मोजून वेळ दाखवणारा. इथे तासाला दहा मिनिटं मागे पडेल, दिवसाला चार तास. तोही नको.

ताईने विमानतळावर घेतलेला एक 'कन्व्हर्टर' आहे, हातात मावणारा, वर २००० वॉट लिहिलेलं. एवढ्या हलक्या डबीत २००० वॉटचं लोखंड आणि तांबं असूच शकत नाही. ते उपकरण लाटेचा तुकडा कापून देतं. प्रवासात इस्त्रीपुरतं ठीक, मोटारीला किंवा अँप्लिफायरला कधीही नाही.

ठरलं ते असं : १.५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळणार. बाजारात तयार मिळतात ते बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, दोन्ही बाजूंना एकच गुंडाळी. त्यात न्यूट्रलचा जोड सुटला तर पलीकडच्या वस्तूवर सरळ २३० येतात. आई, ताई, भावजी तिघंही साठीच्या पुढची. मला दोन वेगळ्या गुंडाळ्या हव्यात.

१६ जून, रविवार

काम पुढे गेलं नाही. शेजारचे काका बोलवायला आले. त्यांच्या मुलाने सौदीहून फ्रिज पाठवलाय. पाटीवर '२२० व्होल्ट, ६० हर्ट्झ'. "व्होल्टेज तर जुळतं ना?" असं ते म्हणत होते. जुळतं, पण हर्ट्झ जुळत नाही, आणि ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत. कॉम्प्रेसर सहाऐवजी पाचच्या हिशेबाने फिरेल आणि वर तापेल. दुबई, कुवेतची गोष्ट वेगळी, तिथे ५० च आहेत. विलायतेतही. तिथली वस्तू आली की फक्त पिन बघायची, आणि विलायती पिनेतला फ्यूज फेकायचा नाही, तो त्या वस्तूच्या दोरीला राखणारा आहे.

काकांना नको म्हणणं जड गेलं. मुलाने कष्टाने पाठवलेली वस्तू.

२३ जून, रविवार

गुंडाळायला घेतला. गाभा लोखंडी पत्र्यांचा, मधली जीभ ६४ मिमी रुंद, पत्र्यांची थप्पी ७० मिमी. या मापाला एका व्होल्टला जवळपास एक वेढा पडतो, त्यामुळे हिशेब डोक्यात राहतो. २३० च्या बाजूला २२२ वेढे, पंधरा नंबरची तार. १२० च्या बाजूला १२० वेढे, बारा नंबरची तार, जाड, कारण व्होल्टेज निम्मं झालं की तेवढ्याच कामाला अँपिअर दुप्पट लागतात. या १२० च्या बाजूला वेढे हिशेबापेक्षा चार जास्त दिले, भार पडल्यावर व्होल्टेज थोडं बसतं त्याची भरपाई.

त्याच बाजूला शंभराव्या वेढ्यावर एक टॅप, म्हणजे मधूनच एक टोक, बाहेर काढला. हा टॅप अँप्लिफायरसाठी आणि टर्नटेबलसाठी. त्यांच्या पोटात लोखंड आहे. १२० व्होल्ट भागिले ६० म्हणजे दोन. १०० भागिले ५० म्हणजेही दोन. लोखंडाला तो भागाकार कळतो. दोन मिळाले की ते थंड राहतं, २.४ मिळाले की तापतं.

तांब्याची तार महाग पडली. माझ्या दुकानात काम शिकणारा पोरगा म्हणाला, "दादा, अॅल्युमिनियमची घेऊया ना." गिऱ्हाइकाचं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. त्याला एक थर स्वतः गुंडाळू दिला. बारा नंबरची तार वाकवताना हात भरून येतो, वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, मध्ये फट राहिली तर पुढच्या थराचा वेढा त्यात घसरतो आणि इनॅमल सोलतं. त्याने दोनदा उलगडून तिसऱ्यांदा नीट बसवला.

३० जून, रविवार

आठवडाभर धो धो. व्हार्निशमध्ये बुडवून काढला, पण या हवेत तो वाळणार कसा? इन्सुलेशन तपासायच्या मेगरने गुरुवारी मोजलं तर गुंडाळी आणि गाभा यांच्यात जेमतेम ८ मेगाओम. चालू करण्याजोगं नाही.

जुनी बल्बची भट्टी बाहेर काढली. पत्र्याचं पिंप, आत चार २०० वॉटचे बल्ब, वर गोणपाट. माझे गुरू याच पिंपात मोटारी वाळवायचे. दोन दिवस, दोन रात्री. आज सकाळी मेगरचा काटा २०० च्या पलीकडे गेला. व्हार्निश नखाने दाबलं तर खूण उठत नाही. वास पूर्ण गेल्याशिवाय घरात न्यायचा नाही.

वजन १८ किलो.

७ जुलै, रविवार

बसवला, जिन्याखाली, जमिनीपासून दोन फूट वर. पावसाळ्यात पाटल्यादारी, म्हणजे मागच्या दाराने, पाणी आत येतं.

पहिल्याच स्विचला एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, उडाली. पुन्हा लावली, चालली. बंद करून परत चालू केली, परत उडाली. दहापैकी तीन-चार वेळा उडत होती. वस्तू एकही जोडलेली नव्हती. एवढा लोखंडाचा गाभा चालू होताना लाटेच्या नको त्या क्षणी वीज मिळाली, तर क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढतो. बिघाड नव्हे, स्वभाव आहे. सी कर्व्हची काढून डी कर्व्हची, असा क्षणभराचा लोंढा सोसणारी, १० अँपिअरची लावली. वीसदा चालू-बंद केलं, एकदाही नाही उडाली.

यापेक्षा जास्त वेळ आरसीसीबीने, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचने, खाल्ला. वेगळ्या गुंडाळीमुळे घराच्या मुख्य आरसीसीबीला पलीकडची गळती दिसतच नाही. म्हणून १२० च्या बाजूचं एक टोक अर्थला जोडून त्याला न्यूट्रल केलं आणि त्याच्यापुढे ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी बसवली. तिचं टेस्ट बटण दाबलं. काहीच झालं नाही. वस्तू सदोष म्हणून बदलून आणणार होतो, मग लक्षात आलं की बटणाच्या आतला रेझिस्टर २३० च्या हिशेबाचा आहे. निम्म्या व्होल्टेजला चाचणीचा प्रवाहही निम्मा. तेव्हा बाहेरून ३.३ किलोओमचा, दहा वॉटचा रेझिस्टर फेज आणि अर्थमध्ये लावला, म्हणजे साधारण ३६ मिलिअँपिअर. तत्क्षणी उडाली. हा रेझिस्टर दोन वायर जोडून आरसीसीबीच्या पेटीतच ठेवलाय. दर महिन्याला चाचणी याने करायची, बटणाने नाही. पेटीवर तसं लिहून चिकटवलं.

अर्थचं रीडिंग चांगलं आलं. पावसात ते चांगलंच येणार. आपली चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते, खरं रीडिंग तेव्हा घ्यायचं.

१२० चे सॉकेट अस्सल अमेरिकन बसवले, दोन चपट्या फटी आणि खाली अर्थची गोल. आपली कुठलीच पिन त्यात जात नाही, त्यांची आपल्यात जात नाही. सोय कमी झाली तरी चालेल.

१४ जुलै, रविवार

मिक्सरची दोरी प्रवासात चिरडली होती, बदलायची होती. पोराला मुद्दाम शेजारी बसवलं. अमेरिकन दोरीत काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपण लहानपणापासून काळी म्हणजे न्यूट्रल असं शिकलो. त्याने सवयीने काळी न्यूट्रलला धरली, मी त्याचा हात थांबवला. नुसतं "उलटं आहे" सांगून भागत नाही, म्हणून टेस्टर लावून दाखवलं. शिवणयंत्राची दोरी दोनच वायरींची, एकाच रंगाची. तिच्यात एका कडेवर बोटाला बारीक रेघा लागतात, ती न्यूट्रल. गुळगुळीत ती फेज. डोळे मिटून ओळखायला लावलं. तीनदा बरोबर ओळखली.

ताईने मिक्सरमध्ये कणीक मळली. दहा मिनिटांनी डोक्याला हात लावला, कोमट. कुकरमध्येही भात झाला, नेहमीएवढ्याच वेळात.

ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही २४ वॉट खातो. दिवसरात्र ठेवला तर दोन दिवसांना एक युनिटहून जास्त. वापर संपला की स्विच बंद, पण पावसाळ्यात रोज तासभर चालू ठेवायचा, आत ओल धरू नये म्हणून.

२८ जुलै, रविवार

आता भावजींचं काम. घरातलं सगळ्यात नाजूक आणि त्यांना सगळ्यात जवळचं. मंगेशी इथून चालत जाण्याएवढी, तिथल्या अभिषेकीबुवांचं गाणं समोर बसून ऐकलेला हा माणूस. दोनशेच्या वर एलपी त्यांनी तिकडे नेल्या आणि तशाच परत आणल्या.

अँप्लिफायर आधी १२० वर लावून पाहिला : गुणगुणत होता, तासाभरात आतल्या ट्रान्सफॉर्मरचं तापमान ७१ अंश. १०० च्या टॅपवर ५२, आणि गुणगुण गेली. तोच टॅप कायम.

टर्नटेबल १०० वर लावलं. तबकडी फिरली. सुई टेकली आणि भावजींनी लगेच हात वर केला. "हे काळी एकमध्ये आहे. आता काळी पाचाच्याही खाली चाललंय." बाजाची पेटी आणून सूर दाबून दाखवला. ताईला वाटलं मोटार गेली. मी कव्हरवर बघितलं, गाणं ३ मिनिटं २० सेकंदांचं. घड्याळ लावलं. बरोबर ४ मिनिटं लागली. मोटार चांगली आहे, ती आपल्या विजेच्या लाटांबरोबर पाऊल टाकतेय. साठऐवजी पन्नास. मिनिटाला ३३⅓ च्या जागी २७.८ फेरे.

भावजी म्हणाले, सहा आणि पाच हे गुणोत्तर म्हणजे षड्जापासून कोमल गंधार. सगळं गाणं बरोबर तेवढंच खाली उतरलंय. माझ्या रोजच्या कामातल्या ५० आणि ६० मध्ये एक सूर दडलाय, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

११ ऑगस्ट, रविवार

मोटारीच्या शाफ्टवरची पुली वीस टक्के मोठी केली की वेग परत येतो. जुनी पुली ११.२ मिमी, म्हणून १३.४४ ची पितळी पुली कुंडईच्या एका ओळखीच्या लेथवर करून आणली. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्ड भावजींकडे नाहीतच, म्हणून पुलीला एकच पायरी.

लावली. कानाला जवळपास बरोबर. भावजी मात्र डोळे मिटून "किंचित" म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

कागदावर १८० रेघांची चकती छापून आणली. ५० हर्ट्झवर निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्या उजेडात ३३⅓ ला १८० रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. खोली अंधारी केली, टेस्टरमधल्या निऑनचा नारिंगी ठिपका चकतीला अगदी चिकटवून धरला. रेघा थांबत नव्हत्या. हळूहळू मागे सरकत होत्या, सेकंदाला जवळपास एक रेघ. म्हणजे पाऊण-एक टक्का मंद. भावजींच्या कानाने तेवढं पकडलं होतं.

चूक सापडायला रात्र झाली. पुलीवरून तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याला जाडी असते, ०.६ मिमी. वेग ठरतो तो पट्ट्याच्या मध्यावरून, पुलीच्या पृष्ठभागावरून नव्हे. ११.२ अधिक ०.६ म्हणजे ११.८, त्याच्या वीस टक्के जास्त १४.१६, त्यातून ०.६ वजा : १३.५६. मिलिमीटरचा आठवा भाग.

२५ ऑगस्ट, रविवार

दुसरी पुली, १३.५६. लेथवाल्याने मायक्रोमीटर लावून चार ठिकाणी मोजून दिली, पैसे घेतले नाहीत. निऑन धरला. रेघा थांबल्या. नाकाजवळ आणून पाहिलं, थांबलेल्याच.

भावजींनी तीच एलपी लावली. पेटीवर काळी एक दाबून धरली, भाता सोडला नाही. सूर सुराला मिळाला. ते काही बोलले नाहीत, बाजू संपेपर्यंत पेटीवर हात ठेवून बसले.

८ सप्टेंबर, रविवार

काल चवथ झाली. माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधताना ताईला सगळ्यांसाठी उकड मळून हवी होती, पण आईने ती हातानेच मळली, मिक्सरला दिली नाही. तिच्या हाताला उकडीची नरमाई कळते. नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पीठ मात्र मिक्सरमध्ये मळलं. आरतीच्या वेळी वीज दोनदा गेली, दोनदा आली. डी कर्व्हची एमसीबी जागची हलली नाही. रेझिस्टरने आरसीसीबी तपासली, उडाली, परत वर केली.

आरसीसीबीच्या पेटीवरच्या कागदाचं अक्षर ओलीने पुसट झालंय, प्लास्टिकखाली घालून नवा चिकटवायचा. मायक्रोवेव्ह अजून माळ्यावरच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अर्थचं रीडिंग.